अप्पांचा उजवा हात

मुरुम, ९ जून २०२४

सिद्धू,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "काम काय ते सांग, अक्का" म्हणतोस. मग मला काही सुचत नाही. म्हणून पत्र. तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते. समृद्धीलाही वाचायला दे, नणंद काहीतरी चोरून कळवते असं तिला वाटायला नको.

बातमी अशी की सोलापूरच्या हॉस्पिटलातली नोकरी मी सोडली. कुणी काढलं नाही. शाल-श्रीफळ झालं, माझ्या हाताखालच्या पोरी रडल्या, आणि मी सामान घेऊन मुरुमला अप्पांकडं राहायला आले. आता मी लाइफ कोच आहे.

हस. इथं सगळेच हसले. महारुद्रअण्णांनी, अप्पांच्या आडतीवरच्या त्या जुन्या दोस्तांनी, विचारलं, "कोच म्हणजे कबड्डीचा का रेल्वेचा?" मी म्हटलं, "अण्णा, अडकलेल्या माणसाला पुढचं पाऊल टाकायला मदत करायची." तर म्हणाले, "मंजी ढकलायचं!"

हसू दे. आयुष्यभर मी ऑक्युपेशनल थेरपी केली, तेव्हा तरी कुणाला कळत होतं? फिजिओवाला माणसाला चालायला शिकवतो. आम्ही त्याला पुन्हा गुंडी लावायला, भाकरी थापायला, आपल्या हातानं जेवायला शिकवायचो. घरी मात्र अव्वा, आपली आई असून, शेवटपर्यंत सांगायची, "आमची श्रीदेवी दवाखान्यात हात चोळायला हाय."

का सोडलं ते सांगते. आपल्या पेठेतला बलभीम शिंपी आठवतो? मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात कामातून गेला. माझ्याकडं आला तेव्हा पेला धरता येत नव्हता. कितीतरी महिने घासलं त्याला मी. शेवटी सुईत दोरा ओवला त्यानं, त्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटले. आणि मागच्या दिवाळीत बघते तर हा पानटपरीवर बसलेला, दुकानातल्या मशीनवर चादर टाकलेली.

"हात दुखतो का रे?"

"न्हाय ताई. हात झ्याक हाय."

"मग?"

"पैला शर्ट बिघडला तर लोक म्हणतील, गेला बलभीम. त्यापरीस ह्ये बरं. लोक निदान हळहळत्यात तरी."

सिद्धू, मी घरी येऊन जेवले नाही. हात बरा करून मी त्याला दारात आणून सोडला होता, आणि तो तिथंच उभा होता. असे माझे किती असतील! मग पुण्याच्या एका बाईंकडं फोनवरून शिकायला लागले. सल्ला द्यायचा नाही, नीट विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. सगळ्यात अवघड ते गप्प बसणं. बलभीमलाच पहिल्यांदा विचारलं, "समज, उद्या सकाळी तुझी भीती गेलेली असली, तर उठून काय करशील?" तो बराच वेळ पानाला चुना लावल्यासारखा बोटावर बोट घासत बसला. मग म्हणाला, "चादर धुवायला टाकीन." आता तो शाळेचे गणवेश शिवतो.

अप्पा तसे बरे आहेत. उजवा हात आहे तसाच. अव्वा होती तोवर तीच भरवायची; आता डाव्या हातानं, मी जाड मूठ करून दिलेल्या चमच्यानं जेवतात. तुझं नाव घरात निघत नाही. तुला राग येईल, पण लिहिते: परवा कुणी पाहुणे आले, त्यांनी हाताचं विचारलं, तर अप्पांनी नेहमीसारखा तो लुळा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ही पोराची कृपा." मी चहा ठेवून आत निघून गेले.

तू धनगराची पोरगी केलीस आणि दुसऱ्याच महिन्यात अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. त्याला तू काय करणार होतास? रक्तदाबाच्या गोळ्या ते घेत नव्हते, हे मी तेव्हाही ओरडून सांगितलं होतं. तुला ते कधी पटलं नाही, ठाऊक आहे मला. अव्वाच्या मातीला आलास तेव्हा अप्पांनी सगळ्यांदेखत तो हात तुझ्यासमोर धरला, आणि तू पायातलं घालायलाही थांबला नाहीस.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

अक्का


मुरुम, २४ जून

सिद्धू,

हे पत्र कसं लिहायचं मला कळत नाही. आज सकाळी जे बघितलं ते आधी सांगते, बाकीचं मागून.

मी माझ्या पहिल्या कार्यक्रमाची पत्रकं छापायला उमरग्याला निघाले होते. स्टँडवर गेले तर छापखानेवाल्याचा फोन, वीज नाही, उद्या या. परत फिरले. अप्पांची लिंगपूजेची वेळ. तेव्हा ते पुढचं दार आतून लावून घेतात, लकवा झाल्यापासून. "अर्धी पूजा हाय माजी, कुनी बघू नये," म्हणायचे. उजवा हातच नाही म्हटल्यावर इष्टलिंग नुसतं डाव्या तळहातावर घेऊन बघत बसतात, असं आम्हा सगळ्यांना ठाऊक. म्हणून मी दार वाजवलं नाही. बोळातून मागच्या दाराला गेले. तिकडची खिडकी उघडी होती.

डाव्या तळहातावर लिंग. आणि उजव्या हातानं अप्पा पूजा करत होते.

तीन बोटं भस्मात बुडवून त्यांनी कपाळावर पट्टे ओढले. सरळ, न थरथरता. मग बेलाचं पान घेतलं. अंगठा आणि दोन बोटांत देठ धरून दुसरं पान त्यापासून अलगद सोडवलं. पाणी घातलं. शेवटी लिंग वस्त्रात गुंडाळून वस्त्राला गाठ मारली. सिद्धू, गाठ! माझ्या बऱ्या झालेल्या पेशंटांपैकी निम्म्यांना अशी गाठ येत नाही.

मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसले. आत अप्पा काहीतरी गुणगुणत होते. मग पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. मी वळसा घालून पुढून आले, तर ते खुर्चीत बसलेले, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. म्हणाले, "लौकर आलीस गं?"

मी "व्हय" म्हटलं.

माझी चूक होतेय का असं मी दिवसभर स्वतःला विचारते आहे. चूक होत नाही. तेवढं मला कळतं. पण मग इतकी वर्षं काय कळत होतं? दर रविवारी सोलापूरहून येऊन तो हात मी मांडीवर घेतला. ओल्या फडक्यासारखा पडायचा. एवढी वर्षं लुळा राहिलेला हात आखडतो, मनगट वळतं, मूठ मिटून जाते. अप्पांचा आखडला नाही. दंड वाळला नाही. मी बघत होते ना ते! आणि सगळ्यांना सांगत होते, हे माझ्या व्यायामाचं फळ. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी दोन आठवड्यांत ओळखलं असतं.

कुणाला सांगू? तुलाच सांगते. तुझ्याच गळ्यात तो हात बांधला होता.

अक्का


मुरुम, १ जुलै

सिद्धू,

तुझं कार्ड मिळालं. "अक्का, खरंच का? की तुला तसं वाटलं?" एवढंच. काल समृद्धीचाही फोन आला. म्हणाली, "ताई, पत्र वाचल्यापासून हे शाळा सुटली तरी व्हरांड्यात बसून राहतात. घरी बोलवायला मला जावं लागतं." तिला मी काय सांगणार? अप्पांना लकवा झाला त्या दिवसापासून ती आपल्या घरात एका माणसाचा हात मोडून आली असंच सगळे बोलत आले.

खरंच आहे, सिद्धू. अप्पांनीच सांगितलं.

रविवारी नेहमीसारखी व्यायामाला बसले. हात मांडीवर घेतला. तसाच मऊ. मी बोटं एकेक करून उघडत होते आणि म्हणाले, "अप्पा, बेलाचं पान सोडवायला तीन बोटं लागतात."

माझ्या हातातला हात घट्ट झाला. पहिल्यांदा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हातानं माझा हात धरला, आणि मला किळस आली. बापाच्या हाताची किळस. हेही लिहून ठेवते.

"कवा बघितलंस?"

"सोमवारी."

"मागल्या अंगानं आलतीस व्हय."

बाहेर कुणीतरी सायकलवरून लसूण विकत गेलं. मग तेच म्हणाले, "पैल्यांदा खरंच गेलता, श्री. लिंगाची आन. म्या न्हाय नाटक केलं."

"मग कधी आला?"

"वरीस-दीड वरसानं. आंघोळीला बसलो आन् अंगठा हालला. मला वाटलं पाणी हाललं."

"मला का नाही सांगितलं? अव्वाला का नाही?"

"तुज्या अव्वालाच सांगाया निगालतो."

सिद्धू, जसं बोलले तसं लिहिते. अव्वा रोज त्यांच्या मागं लागायची, पोराला बोलवा. रोज. एक दिवस वैतागून अप्पा म्हणाले, "हा हात उठंल त्या दिवशी बोलवतो तुज्या पोराला!" डॉक्टर म्हणाला होता, आता उठणार नाही. म्हणून म्हणाले. आणि अव्वानं ते धरून ठेवलं. सोमवार धरले, मठात अभिषेक केले, मला फोन करकरून विचारायची, "नवीन काय औषध निघालं का गं?" आणि मग हात उठला.

"राग गेला नव्हता माजा," अप्पा म्हणाले. "शबूद तर दिलेला. मग म्या हात खालीच ठिवला. म्हनलं, आज न्हाय, उद्या सांगू."

"आणि अव्वा तुम्हाला भरवत राहिली."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

"अप्पा, अव्वाला शेवटपर्यंत कळलंच नाही ना?"

मी हे का विचारलं मला ठाऊक नाही. कळलं नाही असं ऐकायचं होतं मला. अप्पा म्हणाले, "तिला म्हाईत होतं."

मी त्यांचा हात खाली ठेवला.

"एकदा जेवताना तिनं घास केला आन् तोंडापाशी आणून धरून ठिवला. भरवंना. नुसती माझ्याकडं बघत बसली. लई येळ. तिला म्हनायचं होतं, घ्या तुमच्या हातानं. म्या हात उचलला न्हाय. मग तिनं भरवला. त्या दिवसापासनं तिनं हाताचं नाव काढलं न्हाय, आन् सिद्धारामाचंबी."

तू आणि मी समजत होतो की अव्वा तुझ्यावर रुसून गेली. शेवटच्या वर्षांत तिनं तुझं नाव सोडलं म्हणून तू माझ्यापाशी फोनवर रडला होतास. सिद्धू, ती रुसली नव्हती. ती हरली होती.

मी उठून बाहेर गेले. चुलत्याच्या घरी जाऊन बसले, त्यांना वाटलं मला बरं नाही. संध्याकाळी परत आले तर अप्पा तसेच बसलेले. सकाळचं ताट तसंच झाकलेलं. मला ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं आणि मोकळे झाले असते. म्हणून मी समोर बसले आणि बलभीमला विचारलं होतं तेच विचारलं.

"अप्पा, समजा उद्या सकाळी सगळ्या गावाला कळलं की तुमचा हात बरा आहे. काय होईल?"

"पेठेत तोंडावर थुकतील."

मी गप्प बसले.

"सिद्धाराम येईल."

मी गप्प.

"त्यो इच्चारील, मला अव्वाकडं का येऊ दिलं न्हाय? काय सांगू त्याला? राग तर कवाच सरला, श्री. मग लाज ऱ्हायली. आन् लाज रागापरीस लई दिस टिकती."

मी तुझ्या वतीनं त्यांना काही बोलले नाही. तो हक्क तुझा आहे. एवढंच म्हटलं, "मी सिद्धूला कळवलंय. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. आणि उद्यापासून तुमचं ताट मी वाढणार, पण चमचा देणार नाही."

दुसरं एक. पत्रकं छापून आलीत, माझ्या नावाची. ती गठ्ठ्यानंच पलंगाखाली सारून ठेवलीत. ज्या बाईला आपल्या बापाचा हात दिसला नाही, तिनं लोकांना आयुष्य दाखवायचं?

अक्का


मुरुम, १५ जुलै

सिद्धू,

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईनं लिहिते.

काल रविवारी आडत बाजाराच्या सभागृहात माझा पहिला कार्यक्रम होता. रद्द करायचं ठरवलं होतं, पण बलभीमनं पलंगाखालची पत्रकं काढून आधीच वाटली होती. लकवा झालेली, हातपाय मोडून घरी बसलेली माणसं आणि त्यांच्या घरचे येणार होते. हॉल भरेल असं वाटलं नव्हतं. बायका खाली सतरंजीवर, व्यापारी खुर्च्यांवर. अप्पा पहिल्या रांगेत, हात मांडीवर. घरात ते आता उजव्या हातानं जेवतात, माझ्याकडं न बघता. बाहेर मात्र अजून तसंच.

उद्घाटनाला महारुद्रअण्णा. त्यांनी माझं कौतुक केलं आणि मग अप्पांकडं बोट केलं. "आमच्या शिवलिंगप्पाकडं बघा. पोरानं घात केला, हात गेला, बायको गेली, तरी माणूस खचला का? आसं मन पायजे! आन् पोरगं तिकडं सोनारीत मजेत..."

"महारुद्र, थांब."

अप्पा उभे राहिले होते. आणि त्यांनी उजवा हात वर केला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, बोटं पसरून.

पुढं काय झालं ते ऐक. मागून एक बाई किंचाळली, "हात उठला! अगं बया, हात उठला!" आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. त्यांना वाटलं, मी उठवला. आत्ता, तिथं, नुसतं बोलून. एक आजी सरपटत पुढं आली आणि माझ्या पायावर डोकं ठेवायला लागली. कुणी आपला लुळा पोरगा पुढं ढकलला, "बाई, ह्याला बघा, ह्याला बघा!" मोबाइल वर झाले. महारुद्रअण्णांच्या डोळ्यांत पाणी.

मी माइक हातात घेऊन उभी होते. एक क्षण, सिद्धू, मला असंही वाटलं की राहू दे. अप्पांची अब्रू राहील, हात बरा झाला म्हणून सगळे खूश होतील, तुलाही बोलावता येईल. कुणाचं काय जातंय? मी अप्पांकडं बघितलं. त्यांनाही तेच दिसत होतं. सुटायची वाट आपणहून चालत आली होती.

त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला. उजव्या हातानं.

"गप ऱ्हावा," म्हणाले. "टाळ्या वाजवू नगा. ह्यो हात आज उठला न्हाय. लई वरसं झाली ह्याला बरा होऊन. म्या लपवून ठिवला. माज्या पोराला गावात तोंड दाखवाया येऊ नये म्हनून. त्याची आई त्याच्यावाचून गेली त्यो गुन्हा माजा हाय. पोराचा न्हाय. त्याच्या बायकूचाबी न्हाय."

आणि माइक खाली ठेवून बसले.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी ओरडलं नाही. महारुद्रअण्णा अप्पांजवळ आले. तो उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. कितीतरी वर्षं अण्णांनी अप्पांच्या वतीनं दुकानाच्या कागदांवर सह्या केल्या, प्रवासात त्यांच्या धोतराचा सोगा खोवून दिला. त्यांनी हात परत अप्पांच्या मांडीवर ठेवला, चपला घातल्या आणि गेले. त्यांच्यामागून खुर्च्या रिकाम्या झाल्या. ती आजी माझ्याकडं अशी बघत गेली, जसं मीच तिला फसवलं.

शेवटी अप्पा, मी, बलभीम आणि कोपऱ्यात एक ज्ञानेश्वरी नावाची बाई, तिच्या नवऱ्याच्या व्हीलचेअरला धरून. तिला मी म्हटलं, "ताई, कार्यक्रम होणार नाही आता."

ती म्हणाली, "न्हाय, मला इच्चारायचं व्हतं. माझ्या मालकाचा हात खरंच गेलाय. पर मी हाय ना, मलाच आता कुटं जावंसं वाटंना, काय करावंसं वाटंना. ते तुमच्यात बसतं का?"

बसतं, म्हटलं. गुरुवारपासून ती येणार आहे. आपणहून आलेली माझी पहिली.

अप्पांनी रात्री जेवायला नको म्हटलं. मी आग्रह केला नाही.

अक्का


मुरुम, २५ जुलै

सिद्धू,

तुझं पत्र अप्पांनी स्वतः वाचलं. मग मला दिलं. "या म्हणत नाही. येऊ नका असंही म्हणत नाही." यापेक्षा जास्त त्यांना मिळायला नको होतं, असं मला वाटतं. त्यांनी ते वाचून विचारलं, "मंजी काय गं?" मी म्हटलं, "मंजी जे लिहिलंय तेच."

रविवारी ते निघतायत. सोलापूरला गाडी बदलून परंड्याची धरतील, पुढं सोनारीला जे मिळेल ते. मी बरोबर येत नाही. त्यांनी विचारलं होतं, मी नाही म्हटलं. मधे मी असले की ते माझ्याकडं बघून बोलतील, आणि तू माझ्याकडं बघून ऐकशील.

पेठेत त्यांच्याशी कुणी बोलत नाही. आडतीवर गेले तर माणसं कट्ट्यावरून उठतात. तरी रोज जातात, तासभर बसून येतात. मला दया येते आणि रागही येतो, दोन्ही एकाच वेळी. तुझं काय व्हायचं ते होऊ दे. तू त्यांना क्षमा करावीस म्हणून मी हे लिहीत नाही. माझीच अजून झालेली नाही. अव्वाचा तो धरून ठेवलेला घास मला जेवताना आठवतो आणि ताट सरकवावं लागतं.

दार उघडलंस तर उघड. नाही उघडलंस तर ते भैरवनाथाच्या देवळात बसतील आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतील, तसं त्यांनीच ठरवलंय. समृद्धीला सांग, चहा केलाच तर साध्या कपात दे, उजव्या हातानं धरतील.

पिशवी जड आहे. काय काय भरलंय त्यांनी, मला दाखवलं नाही. वय झालंय, जिना चढताना थांबतील, धाप लागेल, तुझा हात आपोआप पुढं होईल, मी तुला ओळखते. घेऊ नकोस, सिद्धू. त्यांची त्यांना आणू दे.

अक्का